दिवा चालू, खाली सही

...नाही, नाही, माझं म्हणणं एवढंच आहे, की दिवा बंद होता तर मला तो रोज दिसत कसा होता? एवढं एक कोणीतरी समजावून सांगा, मी गप्प बसतो. म्हणजे बायको म्हणते, तुम्ही गप्प बसलात तर आधी डॉक्टरला बोलवावं लागेल, पण ते सोडा. तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं! अकरा वर्षं रोज संध्याकाळी, सूर्य बुडाला रे बुडाला की मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं, खिडकीच्या गजांना नाक लावायचं, लाल दिवा बघायचा आणि रजिस्टरात लिहायचं, 'दिवा चालू', आणि खाली सही. ताप असो, डोळे आलेले असोत. डोळे आले होते तेव्हा तर मी एका डोळ्याने बघून एका हाताने सही केलीय! मेहुण्याच्या लग्नातून भरलेलं ताट खाली ठेवून उठलो होतो, त्या ताटाचा राग मेहुण्याने अजून धरलाय. आणि आता हे साहेब मला सांगतात, तुमच्या टॉवरवरचा दिवा बंद आहे. बंद? अहो, दिवा लागलेला होता हो! मी या डोळ्यांनी बघितला!

थांबा, असं नाही कळायचं. पहिल्यापासून सांगतो.

आमचं रेडिओ स्टेशन. मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका, पुढे मॅडमची खोली, मध्ये स्टुडिओ, मागे अडगळीची खोली, मग जिना, आणि मागच्या अंगणात कुंपणाच्या आत एकशे ऐंशी फुटांचा लोखंडी टॉवर. मॅडम म्हणजे स्टेशनप्रमुख. मी निवेदक. सकाळी सहा ते आठ माझा कार्यक्रम. गाणी लावायची आणि मध्ये बोलायचं. खरं सांगू का, गाणी निमित्तमात्र. मला बोलायला आवडतं. आता माणसाला बोलायला आवडत असेल तर त्याने घरी बोलावं ना? पण आमच्या घरी मी 'आज काय झालं माहितेय का' एवढं म्हटलं, की बायकोला कुकर आठवतो, मुलीला अभ्यास आठवतो, आणि आई तर सरळ झोपते. बसल्या जागी! सकाळी सहा ते आठ मात्र माइक माझा. मध्ये कोणी बोलत नाही, 'बरं, मग पुढे?' असं जांभई देत कोणी विचारत नाही. त्या दोन तासांवर मी उरलेले बावीस काढायचो, खोटं कशाला बोलू.

तर टॉवर. टॉवरचं काम आधी टेक्निशियन काकांकडे होतं. काका निवृत्त झाले, मॅडमनी सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, "आता टॉवरकडे कोण बघणार?" खोलीत शांतता. आणि बरोबर त्या वेळी मला खोकला आला. खोकला हो, साधा खोकला! मॅडम म्हणाल्या, "वा, छान." झालं! फॉर्मवर माझं नाव, त्याच्यापुढे हुद्दा, 'जबाबदार व्यक्ती'. आता तुमच्यापासून काय लपवायचं, मला तो शब्द आवडला. मला जबाबदार आजवर कोणी म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं होतं, 'याला तूच जबाबदार' असं, पण ते वेगळं.

काकांनी जाताना सगळं शिकवलं. कुंपणाला कुलूप हवं. टॉवरचा नंबर लिहिलेली पाटी बाहेरून वाचता यायला हवी. आणि मुख्य म्हणजे दिवा. टॉवरच्या टोकाला लाल दिवा, विमानांना कळायला. आमच्यावरून विमान गेलेलं मी दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा ते इतकं वर होतं की त्याला टॉवर लागायचा तर टॉवरनेच उडी मारली पाहिजे! पण नियम म्हणजे नियम. काकांनी मला तिसऱ्या पायरीवर उभं केलं, गजांतून पेन्सिल बाहेर काढली आणि म्हणाले, "तो बघ. लाल. दिसला? तो रोज बघायचा. चालू असेल तर 'चालू' लिही. बंद असेल तर अर्ध्या तासाच्या आत विमानतळाला फोन कर. कळवलंस की दंड नाही. न कळवता बंद राहिला तर दंड असा, की स्टेशनला टाळं." मी म्हटलं, "अंगणात जाऊन वर बघितलं तर?" काका म्हणाले, "मान मोडेल. आणि मधे ते झाड आहे. परंपरा आहे, तिसरी पायरी."

आता परंपरा म्हटल्यावर आपण काय बोलणार?

बरं, मी नुसता बघ्या नव्हतो हं! चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी पायरीवर उभा राहिलो, नाक लावलं... अंधार! दिवा नाही! धावत खाली आलो, विमानतळाला फोन केला. "दिवा बंद आहे!" "टॉवर नंबर?" मी घडाघडा म्हणून दाखवला. मला माझा फोन नंबर पाठ नाही, टॉवरचा आहे. "नोंद घेतली." रजिस्टरात लिहिलं, 'दिवा बंद, कळवले', वेळ, सही. दुसऱ्या दिवशी टॉवरवर चढणाऱ्या माणसाला फोन केला तर तो म्हणे, आठ दिवस वेळ नाही. मला असा संताप आला! अंगणात विजेची पेटी आहे, तिला मी एक सणसणीत चापट ठेवून दिली. आणि संध्याकाळी बघतो तर काय, दिवा चालू! लख्ख! मॅडमना बोलावून दाखवला. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे हो." रजिस्टरात मी लिहिलं, 'दिवा दुरुस्त'. आणि तेव्हापासून तुम्हाला सांगतो, रोज आधी पेटीला चापट, मग तिसरी पायरी, मग रजिस्टर. पाहुणे आले की मॅडम मुद्दाम मला चापट मारून दाखवायला लावायच्या. एकदा फोटोसुद्धा काढला.

आणि आणखी एक सांगून ठेवतो, पुढे लागेल. आमच्या स्टुडिओचं दार आपोआप मिटतं. म्हणून त्याला एक खोका लावलेला असतो. जाड पुठ्ठ्याचा, जड, वर लिहिलंय, 'नाजूक, जपून हाताळा'. मी नोकरीला लागलो तेव्हापासून आहे, काका म्हणायचे त्यांच्याही आधीपासून आहे. कार्यक्रमाच्या वेळी दार मिटावंच लागतं, मग तो खोका मी टेबलाखाली ओढायचो आणि त्यावर पाय ठेवायचो. इतका बरोबर उंचीचा होता! मला वाटायचं, कोणीतरी माझ्यासाठीच मापाने करून घेतलाय.

तर इन्स्पेक्टर साहेब आले. टॉवरची तपासणी. दुपारी आले, सभ्य माणूस, आवाज हळू, हातात कागद लावलेली फळी. कुलूप बघितलं, ठीक. पाटी वाचली, ठीक. रजिस्टर चाळलं, आणि चाळता चाळता थांबले. "एकही दिवस सुटलेला नाही?" मी म्हटलं, "एकही नाही." "आजारपण?" "ते चालूच असतं." चहा प्यायले आणि कागदावर लिहिलं, 'समाधानकारक'. समाधानकारक! मी स्वतः तो शब्द उलटा वाचला. काम संपलं होतं हो! त्यांनी टॅक्सीला फोन केला. आमच्या मागेच, रंगाच्या गोदामापलीकडे, टॅक्सी कंपनी आहे. त्यांनी सांगितलं, पाच मिनिटांत गाडी येते. आता मला सांगा, ती गाडी पाच मिनिटांत आली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? पाऊण तास आली नाही! साहेब फाटकाबाहेर रस्त्यावर उभे. इकडे बघतायत, तिकडे बघतायत, घड्याळ बघतायत... एवढ्यात सूर्य बुडाला. आणि माणसाला बघायला काही उरलं नाही की तो काय करतो? वर बघतो.

आत आले. "दिवा?"

मी म्हटलं, "आताच बघून सही केली. चालू आहे."

"कुठे?"

मी म्हटलं, "वर."

"या जरा."

गेलो रस्त्यावर. त्यांनी बोट वर केलं. मी बघतो तर टॉवरच्या टोकाला काळोख! काहीच नाही! मी म्हटलं, "साहेब, चला." त्यांना धरून तिसऱ्या पायरीवर नेलं, म्हटलं, "लावा नाक." त्यांनी लावलं. "दिसतो?" "दिसतो." "लाल?" "लाल." "चालू?" "चालू." मी म्हटलं, "मग?" पुन्हा रस्त्यावर. अंधार! पुन्हा जिन्यात. चालू! बाहेर बंद, आत चालू, बाहेर बंद, आत चालू... चार वेळा आम्ही वरखाली केलं, मला धाप लागली. मी म्हटलं, "साहेब, एका बाजूनेच लागत असेल का?" डॉक्टर आपला छातीचा फोटो उजेडाला धरून बघतात आणि मग आपल्याकडे न बघता बायकोकडे बघतात ना, तसं साहेबांनी मॅडमकडे बघितलं. तेवढ्यात त्यांची टॅक्सी आली. 'समाधानकारक' खोडलं, माझं रजिस्टर काखेत मारलं आणि गेले. मी गाडीमागून ओरडत होतो, "साहेब, दिवा लागलेला होता हो! आता तुम्हीसुद्धा बघितलात!"

आठव्या दिवशी नोटीस. तिची भाषा ऐकाच. 'सदर मनोऱ्यावरील इशारादर्शक दीप बंद असताना तो चालू असल्याबाबतच्या नोंदी सातत्याने घेण्यात आल्याचे निदर्शनास आले असून...' 'असून' झाल्यावर दोन पानं 'असून'च चालू होतं, मला वाक्य संपेपर्यंत भूक लागली. शेवटी एवढं कळलं, की दिवा न लावल्याबद्दल दंड, बंद असल्याचं न कळवल्याबद्दल दंड, आणि चालू लिहिल्याबद्दल दंड. मी मॅडमना विचारलं, "समजा मी काहीच लिहिलं नसतं तर?" त्यांनी पान उलटलं. न लिहिल्याबद्दलही होता, पण तो जरा कमी होता! म्हणजे अकरा वर्षं मी रोज उठून सही केली ती दंड वाढवायला? पंधरा दिवसांत सुनावणीला हजर राहून खुलासा करा, नाहीतर प्रसारण बंद. आकडा बघून मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तेवढाच होता.

मग त्या माझ्याकडे बघून, हळू आवाजात, ज्या आवाजाची मला भीती वाटते त्या आवाजात म्हणाल्या, "निकाल लागेपर्यंत तुम्ही माइकवर बसू नका. बरं नाही दिसत. सकाळी आपण टेप लावू."

टेप! माझ्या जागी टेप! तो दंड स्टेशनला, ते कलम कागदाला, पण सकाळचे दोन तास तर माझे होते ना हो? घरी आलो, बायकोला म्हटलं, आज काय झालं माहितेय का. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी तिने कुकर बंद केला आणि समोर बसली. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. सगळं ऐकून घेतलं तिने, आणि मग म्हणाली, "दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच." अगं पण दिवा होता! तिसऱ्या पायरीवरून रोज दिसत होता! या डोळ्यांनी... "डोळे तपासून घ्या," म्हणाली, आणि कुकर लावला.

घेतले! डोळेसुद्धा तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. मी त्यांना म्हटलं, लिहून द्या.

मग काकांना फोन केला. "काका, तिसऱ्या पायरीवरून दिसतो तो दिवा आपलाच ना?" काका म्हणाले, "म्हणजे काय? आपलाच." "तुम्हाला कोणी सांगितलं?" "माझ्या आधीच्याने दाखवला." "आणि त्याला?" "त्याच्या आधीच्याने." "आणि त्याला?" काका म्हणाले, "मी निवृत्त झालोय," आणि फोन ठेवला.

शेवटी टॉवरवर चढणारा माणूस आणला. त्यातही गंमत बघा, माणूस वर असताना प्रसारण बंद ठेवलं पाहिजे, नाहीतर त्याच्या सुरक्षेचा भंग, आणि न कळवता प्रसारण बंद ठेवलं तर त्याचा वेगळा भंग, आणि कळवायला गेलं तर ते विचारतात, "का बंद ठेवताय? दिवा बंद आहे का?" मी काय सांगू? मी म्हटलं, "बघायला तर माणूस पाठवतोय!" मिळाली कशीबशी दोन तासांची परवानगी. तो पट्टे बांधून सरसर वर गेला. मी आणि मॅडम खाली. अर्ध्या तासाने उतरला, हातमोजे काढले, पाणी प्यायला. सावकाश! मी म्हटलं, "अहो, दिवा बंद का आहे?"

तो म्हणाला, "बंद नाहीये."

मी मॅडमकडे बघितलं! म्हटलं, बघा, मी सांगत नव्हतो?

तो म्हणाला, "वर दिवाच नाहीये."

"म्हणजे पडला?"

"पडला नाही. बसवलेलाच नाही कधी. होल्डर आहे. होल्डरवर दुकानातून येते ती प्लॅस्टिकची टोपी अजून तशीच आहे. टोपीत पक्ष्याचं घरटं होतं, रिकामं होतं म्हणून काढलं." मग जरा थांबला आणि म्हणाला, "मागे टॅक्सीवाल्यांच्या टॉवरवर आहे की दिवा. झकास आहे. तुमच्या त्या जिन्याच्या खिडकीसमोर बरोबर येतो."

टॅक्सीवाल्यांचा! अहो, आमचा टॉवर खिडकीच्या डोक्यावर, इतका जवळ, की गजांना नाक सोडा, कान लावला तरी त्याचं टोक दिसायचं नाही. दिसतो तो तीनशे पावलांवरचा, गोदामापलीकडचा, टॅक्सी कंपनीचा! ऊन असताना गजांतून आमच्या टॉवरचा बुंधा आणि त्यांचा अख्खा टॉवर दिसतो, पण मी बघायला जायचो संध्याकाळी, तेव्हा दिसतो फक्त दिवा. आणि दिवा काही 'मी टॅक्सीवाल्यांचा' असं सांगत नाही.

चढणारा म्हणाला, "दिवा द्या, आलोय तर बसवून टाकतो." दिवा कुठून देऊ? तो स्टुडिओत पंख्याखाली घाम पुसायला गेला, दाराला खोका होता तो पायाने जरासा सरकवला, वाकून बघितलं, आणि म्हणाला, "हा काय?"

पुठ्ठा फाडला. आत भुसा, भुशात लाल काच, एक ओरखडा नाही. टॉवरबरोबरच आला असणार. दार धरायला कोणीतरी घेतला असेल, दोन दिवसांसाठी! आणि माझ्या दोन्ही पायांखाली, रोज सकाळी सहा ते आठ, अकरा वर्षं! मॅडम माझ्या चपलांकडे बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी आमचा दिवा पहिल्यांदा लागला. मी सवयीने पेटीला चापट मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

सुनावणी. लांबट खोली, लांबट टेबल, पलीकडे मोठे साहेब, बाजूला आपले इन्स्पेक्टर साहेब, अलीकडे मी आणि मॅडम. आणि आमच्या शेजारच्या खुर्चीवर टॅक्सी कंपनीच्या बाई! इन्स्पेक्टर साहेबांनी परत येऊन त्यांचीही तपासणी केली होती. त्यांच्याकडे दिवा होता, रजिस्टरच नव्हतं. आमच्याकडे रजिस्टर होतं, दिवा नव्हता.

आधी माझा नंबर. मोठे साहेब म्हणाले, "दिवा कोणत्या तारखेला बंद पडला?"

मी म्हटलं, "बंद नाही पडला."

"म्हणजे चालू होता?"

"चालू नव्हता."

"म्हणजे बंद होता!"

मी म्हटलं, "साहेब, बंद पडायला आधी चालू असावा लागतो. तो खोक्यात होता. खोका माझ्या पायाखाली होता. तो नीट होता."

साहेबांनी फॉर्म उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "फॉर्ममध्ये तारीख लागते. तारखेशिवाय दंड मोजता येत नाही." मी म्हटलं, "मग नका मोजू." इथे मॅडमनी टेबलाखालून मला लाथ मारली. दोघे साहेब डोकं जोडून कुजबुजले, एक जाड पुस्तक आणलं, पुस्तकात बघून आणखी जाड पुस्तक आणलं, आणि शेवटी टॉवर उभा राहिला त्या दिवसाची तारीख टाकली. त्या दिवशी मी चौथीत होतो! चौथीतल्या माझ्या डोक्यावर दंड!

मग टॅक्सीच्या बाई. मोठे साहेब म्हणाले, "तुमचा दिवा रोज चालू होता याचा पुरावा?" बाई म्हणाल्या, "चालूच असतो हो, आमच्या ड्रायव्हरना विचारा." "लेखी?" बाईंचा चेहरा पडला. लेखी काही नव्हतं. साहेब म्हणाले, मग दंड भरावा लागेल, आणि जो आकडा त्यांनी सांगितला तो ऐकून आमच्या आकड्याला लाज वाटली असती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चाळीस गाड्या आहेत साहेब, चाळीस घरं आहेत..." मला कसंसंच झालं. आणि माझी जीभ! माझी जीभ कधी ऐकते का माझं? मी म्हटलं, "पण त्यांचा दिवा चालू होता हो! मी या डोळ्यांनी बघितला! अकरा वर्षं!"

इन्स्पेक्टर साहेबांनी माझं रजिस्टर उघडून मोठ्या साहेबांपुढे सरकवलं. मोठे साहेब वाचायला लागले. रोज. अगदी रोजच्या रोज. वेळ, 'दिवा चालू', सही. मग ते चार वर्षांपूर्वीच्या पानावर थांबले. "इथे बंद लिहिलंय." टॅक्सीच्या बाई ताडकन उठल्या, "बरोबर! त्या दिवशी आमचा बल्ब गेला होता! दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस चढवून बदलला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी. आणि मी इकडे पेटीला चापट मारत होतो! चार वर्षं! मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मी बघायच्या भानगडीत पडलो नाही.

मोठे साहेब म्हणाले, "आणि अर्ध्या तासाच्या आत विमानतळाला कळवलंयसुद्धा! नंबर चुकलाय, पण कळवलंय!" मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "इतकं चोख रजिस्टर मी सबंध नोकरीत पाहिलं नाही." मी उभाच राहिलो हो! छाती भरून आली, घरी जाऊन कधी एकदा सांगतो असं झालं. साहेबांनी निकाल लिहिला. टॅक्सी कंपनी, नोंदी परिपूर्ण, दंड माफ. आणि आम्ही? आता दिवा बसवलाय म्हणून प्रसारण चालू ठेवायला हरकत नाही, दंड कायम. मी म्हटलं, "साहेब, पण रजिस्टर चोख आहे म्हणालात ना?" साहेब म्हणाले, "चोखच आहे. तुमचं नाही, एवढंच." म्हणजे समजलं का तुम्हाला? अकरा वर्षं मी इमानेइतबारे नोकरी केली, फक्त शेजाऱ्याची केली!

स्टेशनवर परत आलो. म्हटलं, स्टेशन वाचलं, आता उद्यापासून माइक. मॅडमनी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी ओळखलं. म्हणाल्या, "टेपला पंधरा दिवस झाले. एका श्रोत्याचं पत्र आलंय." मी म्हटलं, "वाचा." म्हणाल्या, "नको." मी हट्टाने घेतलं आणि वाचलं. एकच ओळ होती. 'सकाळचा कार्यक्रम हल्ली फार सुधारला आहे.' दंडाची नोटीस दोन पानांची होती, पण लागली ही एक ओळ. अजून लागते.

टेपच कायम झाली. आठ दिवस घरी होतो. नवव्या दिवशी टॅक्सीच्या बाई दारात! म्हणाल्या, "आम्हाला रजिस्टर लिहायला एक जबाबदार व्यक्ती हवी. आणि वायरलेसवर बसायला एक माणूस हवा, ड्रायव्हरना पत्ते सांगायला. तुम्हाला बोलायला जमेल का?" आतून बायको म्हणाली, "आजच घेऊन जा."

तर हल्ली मी तिथे असतो. माइक आहे. छोटा आहे, पण माइक आहे. त्याला एक बटण आहे, ते दाबून धरलं की मी बोलतो, आणि मी बोलत असेपर्यंत दुसऱ्या कोणाला बोलताच येत नाही. त्यांनी ते यंत्रच तसं केलंय! चाळीस गाड्यांत चाळीस माणसं, जायचं कुठे? पहिल्या दिवशी मी एक पत्ता सांगायला बटण दाबलं आणि पत्त्यावरून आठवलं म्हणून जरा पुढे बोलत गेलो. सोडलं तेव्हा एक ड्रायव्हर म्हणाला, "रेडिओभाऊ, तेवीस मिनिटं झाली, गिऱ्हाईक उतरून पायी गेलं." मी म्हटलं, माफ करा. तो म्हणाला, "ते जाऊ दे हो. खोक्यात पुढे काय निघालं?" तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. 'पुढे काय निघालं!' हे आजवर मला कोणी विचारलं नव्हतं.

आता सुखाने संपावं ना हे सगळं? पण नाही. त्याच संध्याकाळी बाईंनी नवं कोरं रजिस्टर हातात दिलं. वायरलेसच्या खोलीतली खिडकी दाखवली आणि म्हणाल्या, "वायरलेस सोडून कुठे जायचं नाही हं. दिवा इथून दिसतो." मी खिडकीशी गेलो. लाल दिवा. चालू. लख्ख. पेन उघडलं, 'दिवा...' एवढं लिहिलं आणि हात थांबला. यांचा टॉवर कुठे? आमच्या डोक्यावर, पत्र्याच्या वर. मग हा समोर, गोदामापलीकडे दिसतोय तो कोणाचा? मी त्याला ओळखणार नाही का हो? अकरा वर्षं पाय ठेवलेत त्याच्यावर!

बाईंना काही बोललो नाही. वायरलेस सोडायचं नाही, बाहेर जाऊन बघायचं नाही, आणि रजिस्टर तर लिहायचंच आहे. मी सरळ रेडिओ स्टेशनला फोन लावला. तिकडे आता जबाबदार व्यक्ती खुद्द मॅडम आहेत. माझ्यानंतर त्यांनी पुन्हा सगळ्यांना बोलावून विचारलं, टॉवरकडे कोण बघणार, पण या वेळी कोणी खोकलंच नाही. मी विचारलं, "मॅडम, कुठे आहात?" म्हणाल्या, "तिसऱ्या पायरीवर." "गुडघे दुखतायत ना? अंगणात जाऊन का नाही बघत?" "मान धरलीय हो. तुम्ही कुठे आहात?" "खिडकीत." मी हळूच विचारलं, "दिसतोय का?" त्या म्हणाल्या, "दिसतोय. तुम्हाला?" मी म्हटलं, "मलाही." म्हणाल्या, "मग लिहू?" मी म्हटलं, "लिहा. मीही लिहितो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. त्या माझा बघतात, मी त्यांचा बघतो. हे कुठल्या कलमात बसतं ते मला विचारू नका, त्या जाड पुस्तकात असेल. आणि उद्या ते इन्स्पेक्टर साहेब आलेच, फळी घेऊन समोर उभे राहिलेच, तर मी काय सांगणार हे ठरलेलं आहे. दिवा लागलेला होता हो, मी या डोळ्यांनी बघितला! फक्त 'कोणाचा' असं विचारू नका, साहेब... नोकरीला आता कुठे दुसरा महिना लागलाय.